तीन सेल की चार

कास्मिरो, सकाळी तू विचारलंस,
बोटीसाठी तीन सेलची घेऊ की चार सेलची.
सायकलवरची पावाची टोपली उतरवलीही नव्हतीस.
मी म्हणाले, संध्याकाळी मानशीवर ये, बोट घेऊन.
पाणी बघितल्याशिवाय बॅटरी सांगता येत नाही.

आता मी बांदावर बसलेय,
मानशीच्या दारांवर भरती थटलेली,
आणि तू येईस्तोवर उत्तर जुळवतेय.

चार सेल म्हणजे चौदा पूर्णांक आठ व्होल्ट.
मोटर किंचाळेल.
बोट उधाणातल्या शेवट्या माशासारखी उडेल,
पोरं शिट्ट्या घालतील,
आणि सहाव्या मिनिटाला सगळं गप्प.

गाडी बंद पडली तर चालत जाऊन उचलता येते.
बोट मधोमध थांबली
की ती तुझी राहत नाही,
ओहोटीची होते.

वेष्टनावरचा सी-चा आकडा वाच
आणि निम्माच खरा धर.
फोंड्याला एकाने शंभर सीची म्हणून दाखवली,
हातात घेतली तर काजूच्या बोंडाएवढी हलकी.
मी बॅटरी सोनाराच्या काट्यावर तोलून घेते.
तो विचारतो, यशवंतीबाय, ह्याचं काय घडवू?

गाडीला उतार मिळतो.
विमान इंजिन मंद करून वाऱ्यावर घसरतं.
बोटीला पाणी नुसतं मागे ओढतं, सगळा वेळ,
आणि पंख्यात शेवाळ गुंतलं
की मोटर दुप्पट मागते, तुला न विचारता.
म्हणून तीन सेलची, पाच हजारांची.
तारा जाड.
आणि बोटीत ती सरकती ठेव रे,
बोटभर मागे नेलीस तर नाक उचलते,
बोटभर पुढे आणलीस तर
नाक पाण्यात खुपसून बसते, रुसलेल्या सुनेसारखी.

माझे वडील दुर्भाटच्या फेरीवर, इंजिनात.
टाकीचा काटा ते मानायचे नाहीत,
काठी बुडवून बघायचे.
काठी चार बोटं ओली निघाली
की धक्क्यावर उभ्या लोकांना हात हलवायचे:
पुढची फेरी नाही.
खूप शिव्या खाल्ल्या त्यांनी.
एकदा तर बाशिंग बांधलेल्या नवऱ्याच्या.

आणखी काय.
एका सेलमागे साडेतीनच्या खाली उतरू देऊ नको.
काम झालं की भरून कपाटात ठेवू नको, रिकामीही नको,
तीन पूर्णांक आठवर ठेव.
इथलं पाणी खारं, जोडणीवर रात्रीत हिरवं चढतं,
तेव्हा घरी गेल्यावर पुसायचं, मग जेवायचं.
चार्ज करताना समोरून उठायचं नाही,
अगदी घरात पाहुणे आले तरी.
फुगली तर टोचू नको.
माझी पहिली अजून परसात आहे, वाळूच्या रांजणात,
उशीसारखी फुगलेली.
दुकानदाराने परत आण म्हटलंय, सात वर्षं झाली.
नेववत नाही.

तू आलास.
एका हातात बोट, दुसऱ्यात
चार सेलची, पिवळ्या वेष्टनातली, नवी कोरी.
मामाने जहाजावरून धाडली म्हणालास,
विमानात घेत नाहीत ना,
म्हणून समुद्रातून आली.

मी जुळवलेलं सगळं
तुझ्या तोंडाकडे बघून गिळलं.
बॅटरी हातात घेऊन तोलली. जड होती.
मामा शहाणा आहे.

अंडी उकडायचं घड्याळ आणलं होतं मी,
ते चार मिनिटांवर लावून तुझ्या गळ्यात अडकवलं.
वाजलं की वळवायची, म्हटलं,
कितीही रंगात आलेली असली तरी.
तुझा बाप भट्टीतून पाव काढतो ना वेळेवर, तशी.
तू मान हलवलीस. ऐकलं नव्हतंस.

पोरं जमली. पाणी आता उतरायला लागलं होतं.
मी पायानेच
काठावरच्या होडीची गाठ सैल केली,
वल्हं जवळ ओढलं,
आणि म्हणाले, सोड.